शिडी दुसऱ्या बाजूनं लावा

नोकरीचं पत्र आलं तेव्हा अण्णांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "म्हंजे आता तू आमच्यावर नजर ठेवणार म्हण की."

अण्णा म्हणजे माझे वडील. सेंट्रिंगचे मिस्त्री. आम्ही लातूर जिल्ह्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी किल्लारीच्या बाजूला पुनर्वसनाच्या घरांवर काढली आणि फळ्या-बल्ल्या बांधायला तिथंच शिकले. त्याच कमाईवर माझा आधी डिप्लोमा झाला, मग डिग्री, मग अभ्यासिकेतली तीन वर्षं. 2023 ला नगरपरिषदांच्या राज्यसेवेची जाहिरात निघाली, स्थापत्य अभियांत्रिकी सेवेत माझा नंबर लागला आणि एका 'क' वर्ग नगरपरिषदेत मी रुजू झाले. गावाचं नाव सांगत नाही. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझी फजिती आहे आणि इतरांचीही.

पदाचं नाव कागदावर लांबलचक आहे, काम एवढंच की नगरपरिषदेच्या पैशानं जे बांधलं जातंय ते नकाशात आणि अंदाजपत्रकात आहे तसं होतंय का ते बघायचं. गटार, रस्ता, शाळेची खोली, समाजमंदिर, स्मशानभूमीची शेड. त्यात आमच्याकडं रचना सहायकाची जागा रिकामी, म्हणून खाजगी घरांची पाहणीही 'अतिरिक्त कार्यभार' या गोंडस नावाखाली माझ्याच गळ्यात. सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम, म्हणजे ते घट्ट व्हायला लागण्याचा वेळ, कमीत कमी 30 मिनिटं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. स्लॅबवर चढल्यावर आधी कुठं बघायचं, हे मात्र कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात नगर अभियंता साहेबांनी एमबी हातात ठेवली. मोजमाप पुस्तिका म्हणजे कापडी पाठीची जाड वही, प्रत्येक पानावर छापील क्रमांक. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई तर नाहीच. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, चुकलेला आकडा खालून वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. ठेकेदाराचं बिल या वहीतून निघतं. लेखापाल बघतो ही वही, ऑडिटवाला बघतो ही वही, उद्या चौकशी लागली तर तीही याच वहीची. साहेब म्हणाले, "घरातलं सोनं हरवलं तर चालेल, ही हरवता कामा नये."

मी काय करायची, तर साईटवर चिठ्ठीवर मापं घ्यायची आणि संध्याकाळी ऑफिसात बसून सुवाच्य अक्षरात एमबीत उतरवायची. एका गटाराची खोदाई मी अशीच लिहिली: लांबी 42 मीटर, रुंदी 0.90, खोली 0.75. साहेबांनी बोट ठेवलं.

"खोली सगळीकडं पाऊण मीटर?"

"सरासरी आहे, सर."

"कुठं कुठं मोजलंस?"

मी तीन ठिकाणी मोजलं होतं. कुठं ते चिठ्ठीवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मला स्कूटरवर मागं बसवून त्या गल्लीत घेऊन गेले. चरात दगडी सोलिंग पडलं होतं आणि त्यावर काँक्रीटचा थर चढत होता. "मोज आता खोली," म्हणाले. रागावून नव्हे, खरंच टेप माझ्या हातात देऊन. मी तो टेप धरून उभी. वरून दिसतं त्यातलं काहीच मला मोजता येईना, कारण मोजायचं होतं ते खाली गेलं होतं. त्या दिवसापासून एमबी माझ्या पिशवीत असते आणि मापं जागेवरच लिहिते, दर 10 मीटरला एक खोली. पानांवर मातीचे ठसे आहेत. साहेब त्याला 'ओरिजिनल' म्हणतात.

डोळा तयार होतो तो हळूहळू. 10 ची सळई आणि 12 ची सळई लांबून ओळखायला मला दोन महिने लागले, आणि अजूनही शंका आली तर मी मोजते. सोपा उपाय म्हणजे बरोब्बर एक मीटर कापून वजन करायची. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले 162 केला की मीटरभराचं वजन किलोत येतं. 12 ची भरते 888 ग्रॅम. थोडंफार इकडंतिकडं चालतं. साईटसमोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मी पहिल्यांदा सळई ठेवली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, किलोनं देऊ का?" वजन बरोबर भरलं, ठेकेदाराचे लोक हसले, मीही हसले. पण त्यानंतर त्या साईटवर हलकी सळई येणार नाही याची मला खात्री होती.

खरं शिक्षण झालं दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या ओट्यावर. अण्णा तंबाखू मळत बसले होते. मी सहज म्हणाले की लोक मला साईटवर काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत तेच कळत नाही. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "इंजिनीयर यायचा तवा आमी काय काय करायचो, ते सांगू का?"

आणि तीस वर्षांचा हिशोब त्यांनी माझ्यापुढं मांडला.

इंजिनीयर शिडीनं चढतो. जिथून चढतो तिथल्या चार हातांत तो वाकून बघतो, पुढं मान वर करून चालतो. म्हणून शिडीच्या कोपऱ्यात कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे, भरपूर लावायचे, लांबच्या कोपऱ्यात सळई फळीला टेकली तरी चालती. स्लॅबची सळई फळीपासून 20 मिलिमीटर तरी वर हवी, नाहीतर पाच-सात वर्षांत छताचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी पडते. अण्णांना हा आकडा ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होता तो कोपरा.

इंजिनीयर चहाला गेला की मिक्सरमध्ये एक बादली पाणी जादा. पातळ काँक्रीट भराभर पसरतं. "ठेकेदार सांगत नव्हता गं. खोरं मारून पाठ मोडती, म्हणून आमीच घालायचो." जादा पाण्यानं काँक्रीटचं बळ जातं हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते पाणी कोण ओततं आणि का, हे पुस्तकात नव्हतं.

क्यूब, म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, भरायचे तर त्या घमेल्यात सिमेंटची जादा मूठ. म्हणजे 28 दिवसांनी प्रयोगशाळेत क्यूब पास, स्लॅबचं देव जाणे. आता मी चालू घाण्यातलं घमेलं स्वतः निवडते, आणि ओल्या क्यूबवर तारीख-सहीची चिठ्ठी दाबून बसवते.

शेवटी रिंगांचा आकडा, म्हणजे हूक. कॉलमच्या उभ्या सळयांना जी रिंग घालतात, तिची टोकं 135 अंशांत वळून आत काँक्रीटच्या पोटात शिरायला हवीत. 90 अंशांत सोडली तर एरवी काही बिघडत नाही. पण भूकंपात वरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की अशी रिंग उलगडते आणि आतल्या सळया बाहेर वाकतात. प्रत्येक आकडा पुरता वळवायला पान्याला जास्तीचा एक हिसका द्यावा लागतो. एका इमारतीत हजार-दोन हजार रिंगा. "किल्लारीकडच्या कामावर एक म्हातारा इंजिनीयर होता," अण्णा म्हणाले, "प्रत्येक कॉलमात हात घालून बोटानं आकडा चाचपायचा. त्याला शिव्या घालायचो आमी."

मी विचारलं, मग मी काय करू?

"शिडी दुसऱ्या बाजूनं लावायला सांग."

मी सुट्टीवरून परत आले ती आपल्याला आता सगळं कळलं अशा तोऱ्यात. अंगणवाडीच्या दोन खोल्यांचं काम चालू होतं. मी संध्याकाळी साडेपाचला स्लॅब तपासायला गेले, खाली उभी राहून म्हणाले, "शिडी तिकडून लावा." मुकादमानं माझ्याकडं बघितलं, शिडी उचलली. वर सगळं नीट होतं. सळईचं अंतर 150 मिलिमीटर, कव्हर ब्लॉक चारही कोपऱ्यांत. दाराच्या वर पाऊण मीटर बाहेर आलेला छज्जा होता, त्याची सळई वर होती, जशी हवी तशी. छज्जा एका बाजूनं भिंतीत आणि दुसऱ्या बाजूनं हवेत असतो. भारानं तो खाली वाकू बघतो, म्हणजे ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, स्लॅबसारखी खाली नाही. हे मी बघितलं, सही केली, 'काँक्रीट करण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि घरी गेले. काँक्रीट सकाळी नऊला ठरलं होतं.

 मजुरांना दुपारी दुसऱ्या साईटवर जायचं होतं, त्यांनी सहालाच मिक्सर चालू केला. मी पावणेनऊला पोचले तेव्हा छज्जा भरून, रंधा मारून, गुळगुळीत झाला होता. मला थोडं खटकलं, पण सळई तर मी पाहिली होती.

दोन आठवड्यांनी टेकू काढले. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. "मॅडम, त्या दारावरचा छज्जा खाली झुकल्यासारखा दिसतोय. पोरं खालून जातात हो."

मी वर चढून पाहिलं. छज्जा जिथं भिंतीला मिळतो तिथं वरच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर, नख आत जाईल एवढी. साहेबांनी तिथल्या तिथं छिन्नी मागवली. 100 मिलिमीटर जाडीच्या छज्जात वरून 25 मिलिमीटरवर सळई लागायला हवी होती. 25 वर काही नाही. 40 वर काही नाही. 70 वर छिन्नी टणकन वाजली. सळई होती सगळी, एकही कमी नव्हती, 12 ऐवजी 10 ची नव्हती, फक्त तळाला गेली होती. सकाळी सहा ते पावणेनऊच्या मध्ये तिच्यावरून माणसं चालली होती, घमेली घेऊन. खाली आधाराला चेअर, म्हणजे सळई वर धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांच्या घोड्या, पुरेशा नव्हत्या. माझ्या तपासणीच्या वेळी सळई वरच होती, कारण तोवर तिच्यावर कुणी पाय दिला नव्हता.

"तू कधी पाहिलीस?"

"आदल्या दिवशी, सर."

"किती वाजता, ते लिहिलंयस?"

रजिस्टरात तारीख होती. वेळ नव्हती. काँक्रीट कधी सुरू झालं याची नोंद नव्हती. माझ्या उपस्थितीशिवाय करू नये असं एक वाक्य नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "मॅडमनीच पास केलं होतं," आणि ते खरंच होतं. मला लेखी खुलासा द्यावा लागला. छज्जा तोडून त्यानं स्वतःच्या खर्चानं परत केला, पण तेवढं करून घ्यायला माझे तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत अंगणवाडी मारुतीच्या देवळात भरत होती.

खुलाशात मी थोडी रडगाणी गायली होती. एकटीकडं सात साईट, सकाळी सहाला कोण येणार, वगैरे. ती वाजवी होती असं मला आजही वाटतं. सात साईटला एक अभियंता ही काही माझी चूक नव्हे. साहेबांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण असतं, पिवळं पडलेलं: 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जण गेले, ती बातमी. ती इमारत फार जुनीही नव्हती. त्यांनी त्या कात्रणाकडं बोट वगैरे दाखवलं नाही. मीच बघत बसले.

तेव्हापासून माझ्या साईट ऑर्डर बुकात प्रत्येक नोंदीला वेळ असते. घड्याळातली, 'सकाळी' वगैरे नाही. स्लॅबच्या दिवशी मी पहिल्या घमेल्याच्या आधी पोचते आणि छज्जा शेवटचा फूट भरेपर्यंत तिथून हलत नाही. चालायला सळईवर फळ्यांची वाट टाकून घेते. डबा सोबत, पाण्याची बाटली सोबत. चहा साईटवरच, मिक्सर दिसेल असा.

खाजगी घरांचं काम वेगळं आहे. तिथं मोजण्यापेक्षा बोलायला जास्त लागतं.

जोत्याची तपासणी करायला गेले की मालक हद्द दाखवतो, "हे बघा मॅडम, ह्या बोरीपासून." बोरीच्या झाडाला भूमी अभिलेख खात्यानं नकाशात घेतलेलं नसतं. मोजणीची 'क' प्रत उघडायची, हद्दीचा दगड शोधायचा, तिथून टेप लावायचा. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांचं दीड गुंठ्यातलं घर. जोतं गल्लीच्या बाजूला 40 सेंटीमीटर सरकलेलं. गवंड्यानं काटकोन डोळ्यानं धरला होता. मी दोरीला 3, 4 आणि 5 मीटरच्या अंतरांनी खुणा केल्या आणि कोपऱ्यात त्रिकोण लावून दाखवला. दोरी जोत्याच्या बाहेर पडली. काकांचा चेहरा उतरला. फंडाचे पैसे होते ते. पहिल्या वर्षी मी असते तर नियम वाचून दाखवला असता. या वेळी विटांच्या ढिगावर बसले, त्यांच्याबरोबर हिशोब केला: आत्ता एका बाजूचं जोतं फोडून घ्यायला किती, आणि स्लॅब पडल्यावर भोगवटा प्रमाणपत्र अडलं तर किती. त्यांनी आठ दिवसांत ती बाजू परत बांधली. अजून रस्त्यात दिसले की हात जोडतात, आणि मला अवघडल्यासारखं होतं, कारण ते 40 सेंटीमीटर खोदाईच्या वेळीच कुणी दोरी लावली असती तर वाचले असते.

दुसऱ्या एका जागी दोन मजल्यांची परवानगी आणि तिसऱ्याचे कॉलम वर निघालेले. तिथं गोड बोलणं उपयोगाचं नव्हतं. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 54 खाली काम थांबवण्याची, मग कलम 53 खाली वाढीव बांधकाम काढण्याची नोटीस. मी जुन्या फाइलमधला मसुदा घेतला, नाव-पत्ता बदलला, तारीख बदलली. गट नंबर बदलायचा राहिला. त्यांच्या वकिलानं कोर्टात तेवढंच दाखवलं. आमच्या अशिलाला या गट नंबरची जमीनच नाही! स्थगिती मिळाली आणि स्थगितीच्या आडून तिसरा मजला प्लॅस्टरपर्यंत गेला. सळईतली चूक छिन्नीनं तरी सापडते. मराठी नीट लिहिता येणं हे या नोकरीचं हत्यार आहे, असं मी आता नवीन आलेल्या पोरांना सांगते. त्यांना ते विनोदी वाटतं. पंचनामा लिहिताना चतुःसीमा, दोन पंच, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, नोटीस घेतली नाही तर भिंतीला चिकटवल्याचा फोटो. फोटोत दार आणि घर नंबर दोन्ही दिसले पाहिजेत.

माजी नगरसेवकांचे फोन येतात. "मॅडम, आपलाच माणूस आहे." मी "हो दादा" म्हणते आणि एमबी उघडते. फोन चालू असताना मी लिहीत असते हे त्यांना ऐकू येतं की काय कोण जाणे, पण बोलणं लवकर आटपतं.

आणि माहिती येते ती भलतीकडून. ठेकेदार सांगत नाही, मुकादम सांगत नाही. खडी वाहणाऱ्या बायका सांगतात. सुरुवातीला त्या मला बघून पदर सावरून गप्प बसायच्या. एकदा मी त्यांच्यात बसून भाकरी खाल्ली, माझी आई पण घमेली वाहायची म्हणून सांगितलं. त्यानंतर एकीनं खडीचं घमेलं उचलता उचलता, माझ्याकडं न बघता म्हटलं, "काल दोन पोती सिमेट टेंपोत माघारी गेलं, बाई." त्या दिवशी मी रिकामी पोती मोजली. दोनच कमी होती.

मागच्या महिन्यात शाळेच्या खोल्यांचा स्लॅब होता. तोच अंगणवाडीचा मुकादम. सकाळी पावणेसहाला पोचले, दिवे लावून माणसं तयार. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, शिडी मागच्या बाजूनं लावलीय. तुम्ही सांगायच्या आधीच." आणि खुशीत हसला.

मी मागं जाऊन शिडीवर दोन पायऱ्या चढले. कव्हर ब्लॉक एकदम रांगेत, मोजून लावल्यासारखे. चेअर दाट, छज्जाची सळई ताठ वर.

मी खाली उतरले.

"छान आहे," म्हणाले. "आता शिडी पुढच्या बाजूला घ्या."